युरो मोबाइलवर १००.६० आणि बँकेत १०२.४०, असं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुलीला जर्मनीत मास्टर्सला प्रवेश मिळालाय, ऑक्टोबरपासून सत्र सुरू. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ तिला तिथे मिळत राहतील. पैशांची सोय झालीय, दराचं गणित मात्र सुटत नाही.

जानेवारीत (२०२५) हिशेब मांडला तेव्हा युरो ८९-९० रुपये होता. आता जुलैत (२०२५) शंभरी ओलांडलीय. सव्वा लाखाच्या वर फरक पडतो हो! पण डॉलर तेव्हाही ८६ च्या आसपास होता, आजही तिथेच आहे. मग रुपया पडला नसताना युरो एवढा कसा चढला?

दुसरं म्हणजे शाखेत १०२.४० दर सांगितला, त्याच क्षणी मोबाइलवर १००.६० दिसत होता. एवढ्या रकमेवर हे एकवीस हजारांहून जास्त होतात. यात घासाघीस चालते का? की दर उतरेपर्यंत थांबू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी बँकेच्या फॉरेक्स विभागात नोकरी केलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युरो-रुपयाचा दर डॉलरमार्गे ठरतो. डॉलर किती रुपयांना आणि युरो किती डॉलरला, या दोन्हींचा गुणाकार. जानेवारीत युरो साधारण १.०४ डॉलरचा होता: ८६ × १.०४ = ८९.४४. आता १.१७ चा आहे: ८६ × १.१७ = १००.६२. रुपया जागेवरच आहे, जगभरात डॉलर उतरला आणि युरो चढला. रिझर्व्ह बँक फार चढउतार होऊ नयेत म्हणून मुख्यतः डॉलरचीच खरेदी-विक्री करते, त्यामुळे डॉलरचा आकडा शांत दिसतो. युरो-डॉलरच्या बाजारावर तिचा काही इलाज नाही.

मोबाइलवर दिसतो तो बँका आपसात करतात त्या मोठ्या व्यवहारांचा मधला दर. त्या दराने तुम्हाला कोणीच युरो देणार नाही. शाखेने सांगितला तो कार्ड रेट, म्हणजे सकाळी निघालेला छापील दर. त्यात दिवसभराच्या चढउताराची जोखीम आणि नफा दोन्ही धरलेले असतात. तुमची रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. शाखेला सांगा, ट्रेझरीकडून (म्हणजे बँकेच्या चलन-व्यवहार विभागाकडून) त्या क्षणाचा लाइव्ह रेट घ्या. आणि 'रेट काय?' असं विचारू नका, 'इंटरबँकवर मार्जिन किती पैसे?' असं विचारा, म्हणजे बँकांच्या आपसातल्या दरावर युरोमागे किती पैसे जास्त घेणार ते कळेल. दोन-तीन बँकांत एकाच वेळी विचारलंत तर फरक लगेच कळेल. टीटी सेलिंग रेटच (खात्यातून परदेशी पाठवायच्या पैशांचा विक्रीदर) विचारा, नोटांचा दर त्याहून महाग असतो.

थांबायचं म्हणाल तर पुढचा दर कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. व्हिसाची तारीख हुकली तर सत्र जाईल. मी असतो तर थांबलो नसतो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात एक भर. फॉर्मवर परदेशी चार्जेस कोण भरणार ते विचारतात. तिथे 'ओयूआर' (सगळे चार्जेस आपणच भरणार) निवडा. 'एसएचए' (चार्जेस दोघांत वाटून) ठेवलं तर मधली बँक आपली फी त्याच रकमेतून कापून घेऊ शकते आणि खात्यात ११,९०४ पेक्षा कमी जमा होतात. मग उरलेल्या थोड्या युरोंसाठी पुन्हा सगळा खटाटोप आणि व्हिसाला उशीर.

चलन बदलण्यावर जीएसटीही लागतो, पण बारा लाखांवर तो हजार रुपयांच्या आसपासच. त्याची चिंता नको.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डॉलरमार्गे गुणाकार ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. दुसऱ्या बँकेत मार्जिन विचारलं तर थेट ४५ पैसे म्हणाले! आमच्या शाखेलाही तो आकडा कळवलाय, ते ट्रेझरीशी बोलून सांगतो म्हणालेत.

आता एकच शंका. वर्षाला परदेशी पाठवलेल्या दहा लाखांवरच्या रकमेवर टीसीएस (बँक आधीच घेते तो कर) कापतात, पण शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर नाही असं वाचलं. आमचे काही पैसे कर्जाचे आणि काही बचतीचे आहेत. मग दोन वेगळे व्यवहार करायचे का? कोणी असं केलं असेल तर बँकेने कुठले कागद मागितले ते लिहा.