'नदीसुधार' आणि 'नदीकाठ सुधार' एकच का? शिवाय पूररेषा

विचारणा: पुण्यातल्या मुळा-मुठेच्या कामाला एका बातमीत 'नदीसुधार' म्हटलंय, दुसरीत 'नदीकाठ सुधार'. एकच ना? आणि निळी-लाल पूररेषा म्हणजे नेमकं काय?

प्रतिसाद: एकच नाही, सगळा घोळ तिथेच आहे. नदीसुधार म्हणजे बोलीत 'जायका' (कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेचं नाव): जपानी कर्जातून मैलापाणी शुद्धीकरणाची केंद्रं. नदीकाठ सुधार म्हणजे साबरमतीच्या धर्तीवर ४४ किलोमीटर नदीचे काठ बांधून काढायचे, त्यावर पायवाटा, बागा. भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं. झाडं वाचवायला 'चिपको'चे मोर्चे निघाले ते या दुसऱ्याविरुद्ध. सांडपाणी शुद्ध करायला कोण कशाला विरोध करेल? पण 'सुधार' दोन्हीकडे असल्याने "नदी सुधारतेय तर तुमचं काय जातंय?" असं आंदोलकांना सहज ऐकवता येतं.

प्रतिसाद: पूररेषेबद्दल. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी पोहोचेल ती निळी, १०० वर्षांतल्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर परवानगी. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ आज आला की पुढची ९९ वर्षं निश्चिंत, असा मात्र नाही. दर वर्षी शक्यता एक टक्का, इतकंच. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. काठ बांधून पात्र आक्रसलं तर हे वाढेल, ही विरोधकांची मुख्य हरकत. महापालिका उलट पूर आटोक्यात येईल म्हणते.

प्रतिसाद: 'पात्र'सुद्धा घ्या चर्चेला. पुणेकर 'नदीपात्रातल्या रस्त्याने' बिनदिक्कत गाडी हाकतात आणि पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला की हळहळतात!

प्रतिसाद: काठाला 'थडी' हा जुना शब्द आहे. भीमथडी, गंगथडी. पण थडी म्हणजे नुसती कड नव्हे, नदीलगतचा सगळा मुलूखही. 'काठ' म्हटलं की कडेची एक ओळ डोळ्यांपुढे येते, जिथे भिंत घालता येते. थडीला भिंत कुठे घालणार?

मूळ विचारणाकर्ता: आभार. म्हणजे बातमीत 'जायका' दिसलं तर केंद्रं, 'काठ' दिसला तर वाद.