नववीच्या पोरांना गाण्यांवरून कविता शिकवायचीय, कुठली गाणी घेऊ?

खडूवाली
नमस्कार मंडळी. मी कोथरूडला एका इंग्लिश मीडियम शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. पोरांना अलंकारांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, उपमेत सम, समान, जसा, परी असले शब्द येतात हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील, पण पुस्तकाबाहेरची एक ओळ फळ्यावर लिहिली की सगळे खिडकीबाहेर बघायला लागतात. आणि हीच पोरं स्कूलबसमध्ये 'तांबडी चामडी' एक शब्द न चुकता म्हणत असतात. म्हणून ठरवलंय की या टर्मला थोडे दिवस पुस्तक बाजूला ठेवून गाणी घ्यायची. पण पिरियडची अंताक्षरी होऊ नये ही भीती आहे, शिवाय स्टाफरूममध्ये 'गाणी गॅदरिंगला बरी' असा टोमणा आत्ताच मिळालाय. कुणी असं केलंय का? नवी गाणी घ्यावीत की जुनी पण चालतील?

शनिवारपेठी
टोमण्याकडे दुर्लक्ष करा, स्टाफरूमचा तो धर्मच आहे. रिटायर होईपर्यंत हेच केलं मी, तेव्हा कॅसेट होत्या एवढाच फरक.

'तांबडी चामडी'पासूनच सुरू करा की! तांबडी, चामडी, चमकते, म आणि च आणि डी कसे आदळतात बघा, अनुप्रास पोरांना आपोआप सापडेल. पण तिथे थांबलात तर एका मार्काचा प्रश्न झाला फक्त. लगेच शेजारी ज्ञानेश्वर ठेवा, 'घनु वाजे घुणघुणा, वारा वाहे रुणझुणा'. मग विचारा की तिकडे अक्षरं परत परत आल्यामुळे काय होतं आणि इकडे काय होतं. तिकडे ठेका मिळतो, नाचता येतं. इकडे 'घ' म्हणताना घशातून ढगासारखा आवाज निघतो आणि 'रुणझुणा'ला तोच आवाज बारीक होतो, म्हणजे ढग आणि वारा दोन्ही ऐकू येतात. अनुप्रास ओळखणं हा अभ्यास नाहीच, तो तिथे काय काम करतोय हे सांगता आलं पाहिजे.

उपमा-रूपकाला बहिणाबाई घ्या. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्यावर' यात 'जसा' आहे, उपमा झाली. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' यात जसा-बिसा काही नाही, मन म्हणजेच ढोर, हे रूपक. 'जसा' काढून टाकल्यावर ओळ अंगावर येते की नाही ते पोरांनाच विचारा. वढाय म्हणजे काय हे शहरातल्या पोरांना सांगावं लागेल, हाकललं तरी पुन्हा पिकात शिरणारं. ते कळलं की मोबाइल आणि अभ्यास ते स्वतःच आणतील मधे, तुम्ही नका आणू.

रिकामटेकडा
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. चाल फार फसवते हो. चांगल्या चालीवर किराणा मालाची यादी पण गोड लागते. त्यामुळे माझं म्हणणं, गाणं आधी लावायचंच नाही, शब्दांचा प्रिंटआउट द्यायचा (आठवणीतली गाणी या साइटवर बहुतेक सगळं मिळतं), कुणीतरी कोरडं वाचायचं आणि मग गाणं लावायचं. चाल काढून घेतल्यावर जे उरतं त्यावर बोला. काही गाण्यांत काहीच उरत नाही, आणि पोरांना ते कळणं हे पण शिक्षणच आहे.

याला एकदम फिट म्हणजे कवी ग्रेस. 'ती गेली तेव्हा रिमझिम पाऊस निनादत होता', हृदयनाथ मंगेशकरांनी गायलंय ते. पहिलं कडवं द्या आणि थांबा. विचारा ही 'ती' कोण? नववीतली पोरं, शंभर टक्के ब्रेकअप म्हणणार, मागच्या बाकावरून कुणाचं तरी नाव पण येईल. बोलू द्या त्यांना. मग पुढचं कडवं द्या, 'ती आई होती म्हणूनी घनव्याकुळ मीही रडलो'. आता परत वरचं वाचायला लावा. 'मेघात अडकली किरणे हा सूर्य सोडवित होता' ही ओळ आधी नुसती सुंदर वाटली होती, आता तिथला सूर्य काहीतरी सोडवायला धडपडतोय असं दिसायला लागतं. चेतनगुणोक्तीची (निर्जीव गोष्ट सजीवासारखी वागते तो अलंकार) व्याख्या नंतर सांगा, तोपर्यंत तिची गरज वाटायला लागलेली असते.

दहावीची_आई
वरचं सगळं छान पण जुनंच चाललंय, मुलं बोअर होतील. माझी मुलगी 'अप्सरा आली' सतत गुणगुणते, गुरू ठाकूरचं, ते पण तिच्यासाठी जुनंच म्हणा. त्यात 'कोमल काया की मोहमाया' आहे ना, तो ससंदेह अलंकार आहे असं मी तिला सांगितलं तर ती आधी हसली आणि मग आणखी कुठे 'की' येतं ते शोधत बसली. ही काया आहे की माया, ठरतच नाही, म्हणून ससंदेह. पुस्तकातलं उदाहरण तिच्या डोक्यात कधी राहिलं नव्हतं.

शनिवारपेठी
उदाहरण अचूक आहे. वर्गात लावणी नेताना मात्र जरा बघून, मुली कानकोंड्या होतात आणि मुलगे चेकाळतात, मग अलंकार राहतो बाजूला. आणि जुनं म्हणजे बोअर हे काही पटत नाही बुवा. गीतरामायण 1955 ला आपल्या पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, शब्द गदिमांचे आणि चाली बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, वर्षभर चाललं, 56 गाणी. त्यातलं 'पराधीन आहे जगती' घ्या, राम भरताची समजूत घालतोय. समुद्रात दोन ओंडके भेटतात, एक लाट येते, परत गाठ नाही. दृष्टान्त, म्हणजे मुद्दा पटवायला दाखला देणं, शिकवायला याहून चांगलं मला तरी माहीत नाही. आणि ही ओंडक्यांची प्रतिमा मूळ वाल्मीकींच्या अयोध्याकांडात आहे, तिथेही राम भरतालाच सांगतो. म्हणजे कवी दुसऱ्याचं घेऊन स्वतःचं कसं करतो हेही दाखवता येतं, रॅप ऐकणाऱ्या पोरांना सॅम्पलिंग माहीत असतंच.

पखवाज
वृत्त-छंदाचं कुणी बोललंच नाही. पालखी पुण्यात येते तेव्हा करून बघा. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया'. टाळ्या वाजवत अक्षरं मोजायची, सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. विटेवरी-कटावरी हे यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात पडतं, शेवटी नाही. हा मोठा अभंग. फक्त लताबाईंचं रेकॉर्डिंग लावून मोजायला बसू नका, गाताना अक्षरं ताणली जातात आणि पोरं सात-आठ मोजतात. आधी कागदावर मोजा. मग त्याच मापात चार चरण लिहायला सांगा, विषय काहीही, पीएमपी बसची गर्दी, कँटीनचा वडापाव. शेवटच्या चार अक्षरांत जाम अडकतात, तिथेच मजा आहे.

खडूवाली
अरे वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं! रिकामटेकडा, ग्रेसचं पहिल्यांदा करते, दोन वेगळे कागद देऊन. लावणी नको, पण 'की' शोधायला लावायची आयडिया ढापणार. पखवाज, सहा-सहा-सहा-चार काहींना जड जाईल, माझ्या वर्गात मराठी घरी न बोलणारी पण बरीच आहेत. त्यांच्यासाठी सोपं काही?

पखवाज
मग लहान अभंग द्या. आठ-आठ, दोनच चरण, शेवटी सरळ यमक. 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले', मोजून बघा. जोडाक्षर एकच धरायचं, त्यासी म्हणजे दोन, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर त्यावरच भांडणात पिरियड संपेल.