आत्याचा फ्लॅट विकायचाय, एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) मी आहे: सही माझी की आधी तिघांची नावं लावायची?

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

माझी आत्या गेल्या वर्षी वारली. लग्न केलं नव्हतं, शाळेत शिक्षिका होती. कोथरूडला 640 चौरस फुटांचा फ्लॅट, 1988 साली 1 लाख 40 हजारांना घेतलेला. रजिस्टर केलेलं मृत्युपत्र आहे. त्यात फ्लॅटचे पैसे थोरल्या काकांच्या तीन मुलांना: दादा चिंचवडला, मधला भाऊ नागपुरात, ताई न्यू जर्सीत. एक्झिक्युटर दोघे नेमले होते, मी आणि आत्याची शाळेतली मैत्रीण. त्या बाई आत्याच्या आधीच गेल्या, त्यामुळे आता मी एकटाच. मला वाट्याला तांब्याचा बंब आलाय. "तुझं यात काही नाही, म्हणून तूच बघ," असं आत्या हयात असताना म्हणाली होती. तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता तिचा डाव कळतोय.

अडचण दादाची. सोसायटीत नॉमिनी म्हणून त्याचं नाव आहे, आणि नॉमिनी म्हणजे मालक हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. सेक्रेटरीही म्हणतात, "आम्ही नॉमिनीचं नाव लावतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा." सहकार कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो, खरे वारस ठरेपर्यंतचा, हे मी छापून नेऊन दाखवलं. त्यांनी कागद फायलीत लावला. तेवढंच.

बाहेरचं गिऱ्हाईक 92 लाखांना तयार आहे. दादा म्हणतो, मीच 70 ला घेतो, घरातलं घरात राहील. नागपूरचा भाऊ गप्प. ताई म्हणते बाजारभावानेच विक. बायको एकदा सहज म्हणाली, मग आपणच घेऊ या का? वकिलांनी तिथेच थांबवलं. एक्झिक्युटरने इस्टेटीतली, म्हणजे गेलेल्या माणसाच्या मालमत्तेतली, वस्तू स्वतः विकत घेतली तर हितसंबंध असलेला कुणीही तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतो म्हणे.

आता मुख्य प्रश्न. गिऱ्हाइकाचं गृहकर्ज आहे आणि त्याची बँक म्हणते, आधी तिघांची नावं शेअर सर्टिफिकेटवर चढवा, मग तिघांनी सह्या करा. सीए म्हणतात, असं अजिबात करू नका. विक्री इस्टेटीची म्हणून तुमच्या सहीने करा, "इस्टेट ऑफ" अमुक या नावाने वेगळं पॅन काढा. एकटा एक्झिक्युटर असला की कर व्यक्तीसारखाच लागतो, आणि निवासी की अनिवासी हे आत्यावरून ठरतं, म्हणजे निवासी. घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस कापला की झालं. तिघांची नावं लावली तर ताई अनिवासी, तिच्या 30 लाख 67 हजारांच्या वाट्यावर थेट 12.5 टक्क्यांनी, म्हणजे पावणेचार लाखांच्या वर टीडीएस, सेस वेगळा. आधी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला काढला तरच यातून सुटका. गिऱ्हाईक तेवढं थांबणार नाही.

कराचा हिशोब मी स्वतः मांडून पाहिला. खरेदी किंमत म्हणून धरायला व्हॅल्युअरने 1 एप्रिल 2001 ची किंमत 8 लाख काढली. 2025-26 चा 376 हा महागाई निर्देशांक धरला तर ती 30 लाख 8 हजार होते आणि 20 टक्क्यांनी कर 12 लाख 38 हजार. निर्देशांक सोडून 12.5 टक्क्यांनी साडेदहा लाख. म्हणजे दुसरा मार्गच बरा.

पुण्यात प्रोबेटची (मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर घेण्याची) सक्ती मुंबईसारखी कधीच नव्हती, हे माहीत आहे. तरी घ्यावं का? कुणी असा व्यवहार केला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
बँकेचं आणि सीएचं नंतर बघू. मृत्युपत्रात "फ्लॅट तिघांना द्यावा" आहे की "विकून पैसे द्यावेत"? फ्लॅट दिला असेल तर मालकी त्यांची, तुमचं काम फक्त संमती देऊन ताबा देण्याचं. विकायला सांगितलं असेल तर तिघांचा हक्क पैशांवर, विक्री तुमचीच. ते वाक्य जसंच्या तसं टाका.

धागाकर्ता:
मृत्युपत्र काढून पाहिलं. वाक्य असं: "माझ्या पश्चात सदर सदनिका विकून, माझी देणी भागवून उरलेली रक्कम तिघांस समान द्यावी. विक्री होईपर्यंत कोणास राहावयाचे असल्यास राहू द्यावे." पहिलं वाक्य माझ्या बाजूचं. दुसऱ्याचा आधार घेऊन दादाने दिवाळीत दोन पलंग आणि शिलाई मशीन तिथे आणून टाकलंय.

प्रतिसाद:
मग विक्री तुमच्याच सहीने. पण नॉमिनी कुरकुरतोय आणि आत सामानही आहे, अशा वेळी प्रोबेट घ्याच. नोटिसा निघतात, पेपरात जाहिरात येते. दादांनी आक्षेप घेतला तर त्याचा दावा होतो आणि वर्षं जातात, तिघांची संमतीची प्रतिज्ञापत्रं असतील तर बरंच सोपं. म्हणून आधी दादांशी बोला, कोर्टाबाहेर. देखभाल, लाइट बिल, मिळकत कर, जे जे भरताय त्याची पावती ठेवा, उद्या हिशोब तुम्हालाच द्यायचाय.

धागाकर्ता:
पावत्या बंबात ठेवल्यात, तेवढीच माझी हक्काची जागा. दादाकडे रविवारी जातोय, ताईला फोनवर घेऊन. त्याला 92 ला घ्यायचा असेल तर पहिला मान त्याचा, असं सांगणार आहे. संमतीच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना कुणाकडे असेल तर नावं खोडून इथे टाका.