कोकणातल्या कॉलेजांचा फुटबॉल हंगाम पावसाळ्यातून बाहेर काढावा का?

खाडीकाठ
यंदाही आमच्या कॉलेजचा फुटबॉल हंगाम सुरू होता होता संपला. कोकण विभागाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, पहिलाच सामना, तोही नॉकआउट. ऑगस्टचा उत्तरार्ध, गोलपोस्टपुढे घोटाभर पाणी. चुन्याच्या रेषा हाफटाइमच्या आत वाहून गेल्या होत्या. पेनल्टी बॉक्स कुठे संपतो ते रेफरींना अंदाजाने ठरवावं लागलं आणि त्या एका पेनल्टीवर आम्ही ०-१ हरलो. रेफरींना मी दोष देणार नाही, दिसतच नव्हतं तर ते काय करणार? पण जूनपासून घाम गाळलेली पोरं एका सामन्यात बाहेर पडली, याचं मला फार वाईट वाटतं.

मी या पोरांचा सराव घेतो, म्हणून ठामपणे सांगतो की हा हंगाम डिसेंबर-जानेवारीत घ्यायला हवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बंदरावरची पोरं रोज मैदानावर. पण तेव्हाच वाड्यांमधली पोरं लावणीला चिखलात उभी. लावणी आटपून ती परत येतात तोवर १ ऑगस्टला होड्या सुटतात आणि बंदरावरची गायब. मग गणपती. संपूर्ण अकरा जण सलग दोन आठवडे एकत्र सराव करतायत, असं आमच्याकडे पावसाळ्यात होतच नाही.

आणि मैदान! बऱ्याच कॉलेजांत एकच मैदान, मधोमध क्रिकेटची सिमेंटची खेळपट्टी. फुटबॉलच्या वेळी तिच्यावर लाल माती पसरतात. दोन सरी आल्या की माती जाते आणि ओलं सिमेंट उघडं पडतं. आमचा सेंटर हाफ तिथेच घसरला, कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला. तशा उघड्या जखमेने त्याच गढूळ पाण्यात उरलेला हाफ खेळला. लेप्टो, म्हणजे अशा पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप, काय असतो ते कोकणात कुणाला समजावून सांगायला नको.

जुना लेफ्ट बॅक
दादा, तुमची तळमळ पटते, उपाय अजिबात पटत नाही.

डिसेंबरात तुमचं मैदान कसं असतं ते आठवा. आपल्याकडे बहुतेक कॉलेजं सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. वर वीतभर माती, खाली जांभा. पाऊस संपून दोन महिने झाले की गवत वाळतं, खडे वर येतात. तिथे स्लायडिंग टॅकल करणाऱ्याच्या मांडीची काय अवस्था होते ते मी स्वतः भोगलंय. स्टडचे बूट त्या जमिनीवर रुततच नाहीत, झटका थेट गुडघ्यात येतो. पावसाळ्यात पोरं पडतात, पण उठतातही.

पावसातला फुटबॉल काही कमी दर्जाचा नाही. कोलकात्याची लीग पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यात खेळली जाते. चिखलात चेंडू थांबतो, म्हणून पास जोरात द्यायला शिकतो. ओला चेंडू जड लागतो, म्हणून पहिल्या स्पर्शातच ताबा घ्यायला शिकतो. कोकणातल्या पोराला हे जन्मजात जमतं, तेच तुम्ही काढून घेताय.

दुसरं म्हणजे विभागातले सामने झाल्यावर विद्यापीठाचा संघ निवडायचा असतो. तो पुढे पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, आणि ती साधारण हिवाळ्यात असते. आपण जानेवारीत खेळत बसलो तर निवड मुंबई-ठाण्याच्या पोरांतून उरकलेली असेल. कोकणातला एखादा चांगला विंगर विद्यापीठाची जर्सी घालू शकतो तो फक्त याच वेळापत्रकामुळे.

सडा आणि समुद्र
अरे, पाऊस नको तर कोकणात ऱ्हवतस कित्याक? माका तर पावसातलोच फुटबॉल आवडता.

आता गंभीरपणे. पावसाला घाबरायचं तर विजेला घाबरा. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर पाऊस धो धो, पण वीज क्वचित. खरा कडकडाट पाऊस परतताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, तोही दुपारी तीननंतर, म्हणजे नेमका सामन्याच्या वेळी. हंगाम पुढे ढकलायचा म्हणून कुणी ऑक्टोबर सुचवला तर मी हात जोडून विरोध करीन. सड्यावर आसपास झाड नाही, सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे खेळाडूच. गडगडाट ऐकला की खेळ थांबवायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी मैदानात पाऊल टाकायचं नाही, हे प्रत्येक आयोजकाने पाळलंच पाहिजे.

बंदरावरचा बाप
माझा मुलगा कॉलेजच्या संघात आहे आणि बोटीवरही जातो, म्हणून लिहितो. खाडीकाठ सरांना वाटतं की डिसेंबरात आमची पोरं मोकळी असतील. नसतात, सर. डिसेंबरात समुद्र शांत, बोट एक दिवस रिकामी राहत नाही. उलट ऑगस्टमध्ये वाऱ्याचा इशारा आला की बोटी बंदरात परत येतात, दोन-दोन, चार-चार दिवस बांधलेल्या असतात. तेव्हा मुलगा सरावाला जातो. डिसेंबरात तेवढंही मिळणार नाही.

बंदी उठल्यावरचे पहिले आठवडे कोळंबीचे. त्या पैशात घरातली दोन महिन्यांची उधारी फिटते. त्या वेळी "सामना आहे" म्हणून मुलाला घरी ठेवणं आम्हाला परवडत नाही आणि त्याबद्दल कुणी आम्हाला नावं ठेवू नयेत. सामन्याची तारीख निदान पंधरा दिवस आधी कळली तर बोटीवर बदली माणूस बघता येतो. आम्हाला दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर कळतं.

कुडाळची मिडफिल्डर
मुलींच्या संघाबद्दल कुणी बोलेल म्हणून वाट बघत होते.

सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच करता येत नाही, हा नियम आम्हाला तोंडपाठ आहे, कारण आम्ही त्या आकड्याच्या आसपासच असतो. सराव चारला, आमच्या गावाकडची संध्याकाळची शेवटची एसटी साडेपाचला. पावसाळ्यात सहालाच अंधारून येतं, पुढची गाडी वस्तीची, ती रात्री. घरचे म्हणतात, गाडी चुकली तर खेळ बंद. डिसेंबरातही सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे महिना बदलून आमचा प्रश्न सुटत नाही. सकाळी साडेसहाचा सराव ठेवा, मग ऑगस्ट असो की जानेवारी, आम्ही येतो. आम्ही मागणी केली तर उत्तर मिळालं की मैदान सकाळी क्रिकेटवाल्यांचं.

२०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत झाले तेव्हा मी शाळेत होते. राज्यभर फुटबॉलचा गाजावाजा झाला, आम्हालाही चेंडू मिळाले. चेंडू मिळाले म्हणून मी खेळायला लागले, हे खरं आहे. त्यानंतर मैदानाकडे कुणी बघितलं नाही, हेही खरं आहे.

पेठेतला
कोल्हापूरहून लिहितोय. आमच्याकडे पेठांचा हंगाम पाऊस संपल्यावर शाहू स्टेडियमवर सुरू होतो आणि पुढच्या पावसाच्या आत संपतो. पावसाळ्यात मैदानाला विश्रांती, म्हणून ते पुढे टिकतं. तेव्हा खाडीकाठ यांच्या बाजूने माझं मत.

पण कोरड्या हंगामापेक्षा मोठा फरक वेगळाच आहे. आमच्याकडे आधी लीग, मग एकामागून एक स्पर्धा. पाटाकडील असो, दिलबहार असो, की खंडोबा, एक सामना हरला म्हणून खेळाडू वर्षभर घरी बसत नाही. हरलेल्या संघाला पुढच्या आठवड्यात चुका सुधारायला सामना मिळतो. तुमच्या पोरांना तो कधी मिळणार?

जुना लेफ्ट बॅक
पेठेतले, हे अगदी मनातलं बोललात. नॉकआउट ही खरी अडचण आहे. ऑगस्टमध्येच चार-चार कॉलेजांचे गट करा, प्रत्येक संघाला तीन सामने द्या. एक सामना पावसाने खाल्ला तरी दोन उरतात.

खाडीकाठ
लेफ्ट बॅकदादा, तीन सामन्यांसाठी दापोलीहून सावंतवाडीपर्यंत पोरं कशी न्यायची? प्रवासभत्ता एका सामन्याचा मिळवताना नाकी नऊ येतात. मंडणगड ते दोडामार्ग हा एकच विभाग धरला तर गटसाखळी कागदावरच राहील. गट जिल्ह्याच्या आत, जवळच्या कॉलेजांचे हवेत. खेड-चिपळूण-गुहागर एकत्र, कणकवली-कुडाळ-मालवण एकत्र. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी, असे.

आणि पावसाबद्दल माझं मत तेच आहे. सड्यावरचे खडे वेचता येतात, सराव संपल्यावर दहा मिनिटं सगळ्यांनी रांगेत चाललं की मैदान साफ होतं, आम्ही दर हिवाळ्यात करतो. सिमेंटवरून वाहून गेलेली माती सामना चालू असताना परत आणता येत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, ते आठवून तरी सरसकट "पाऊस म्हणजे मजा" असं म्हणवत नाही. विद्यापीठ निवडीची अडचण खरी आहे, पण निवड चाचणी वेगळी घेता येते, त्यासाठी अख्खी स्पर्धा चिखलात ढकलायची गरज नाही.

बंदरावरच्या बाबांचं म्हणणं मी लिहून घेतलंय. तारीख पंधरा दिवस आधी, ही मागणी पावसाळावाले आणि हिवाळावाले दोघेही करू शकतात. कुडाळच्या ताईंचा सकाळचा सरावही त्याच अर्जात घालतो. क्रिकेटवाल्यांशी मी स्वतः बोलेन.

कुडाळची मिडफिल्डर
दादा, आमच्यासाठी तुम्ही बोलू नका, आमच्याबरोबर बोला. सोमवारी जिमखान्यात सरांसमोर आम्ही पाच जणी येतोय. तुमच्या संघातले किती येतात ते कळवा.

सडा आणि समुद्र
बंदरावरचे आम्ही तिघे येतो. वाऱ्याचा इशारा असला तर सहा.