मोफत खटले लढणाऱ्या वकिलांची फळी कशी चालवायची? यादीत चाळीस नावं, तारखेला चारच (पुणे)

टिळकरोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सामाजिक न्यायाच्या केसेस फी न घेता लढणाऱ्या वकिलांच्या एका गटाचं समन्वयाचं काम माझ्याकडे आलंय. यादीत चाळीसेक वकील आहेत, बहुतेक शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करणारे. केसेस चार प्रकारच्या येतात: घरगुती हिंसाचार आणि पोटगी, झोपडपट्टी पुनर्वसनात अपात्र ठरलेली कुटुंबं, ॲट्रॉसिटी, आणि आंबेगाव-जुन्नरकडचे वनहक्काचे दावे.

सध्या केस आली की व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, "कोणी घेईल का?" हात वर करणारे तेच ते चार जण. घेतलेल्या केसचं पुढे काय झालं हे पक्षकाराचा फोन आला तरच कळतं. गट अजून नोंदलेला नाही. नोंदणी कुठली करावी, वकिलांना पगार देता येईल का, तेही सांगा. तत्त्वाची चर्चा नको, कामाची पद्धत हवी आहे.

निशाणी_पाच

ताई, आधी तो ग्रुप केस वाटण्यासाठी वापरणं थांबवा. सगळ्यांना एकदम विचारलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी घेईल. शिवाय पक्षकाराचं नाव, एफआयआरचा फोटो चाळीस फोनांत पसरतो, आणि त्यातलाच एखादा वकील समोरच्या पार्टीचं वकीलपत्र घेऊन बसलेला असू शकतो. एका वकिलाला, त्याचं कोर्ट आणि विषय बघून, थेट फोन करायचा. चोवीस तासांत हो किंवा नाही. नाही म्हणाला तर लगेच पुढचा.

वकील कचरतात कारण ही केस त्यांचा किती वेळ खाणार याचा अंदाज त्यांना नसतो. पिशवीभर कागद आणि रडवेली पक्षकार थेट चेंबरमध्ये पाठवली तर पहिले दोन तास कागद लावण्यात जातात. ते काम तुमच्याकडे झालं पाहिजे. म्हणून वकिलांची संख्या वाढवण्याआधी एक पूर्णवेळ केस समन्वयक नेमा. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर इथे घाला. कायद्याची पदवी असेल तर उत्तम, पण मराठी नीट लिहिणारी, तारखा चुकू न देणारी व्यक्ती जास्त महत्त्वाची.

समन्वयकाने पहिल्या भेटीत दोन पानांची टिप्पणी करायची. सगळ्यात वर मुदतीची शेवटची तारीख, ठळक. खाली तारीखवार घटनाक्रम. मग कागदांची यादी: कुठला अस्सल, कुठली झेरॉक्स, कुठला अजून काढायचाय. मग समोरच्या सगळ्यांची पूर्ण नावं, सासू-दीर-बिल्डर सकट. शेवटी पक्षकाराला काय हवंय ते तिच्याच शब्दांत. यावर घाई करू नका. घटस्फोटाची केस म्हणून आलेल्या बाईला खरं तर मुलाचा शाळेचा दाखला आणि रेशनकार्डावरचं नाव सोडवून हवं असतं. ते वकिलाला आधी कळलं तर अर्ज वेगळा होतो.

मुदती भिंतीवर लावून ठेवा. दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून लेखी कैफियतीला ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर ९० पर्यंत. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या आदेशावर सत्र न्यायालयात ३० दिवस. दिवाणी अपिलात नक्कल मिळायला लागलेला काळ मुदतीतून वजा होतो, पण तो मोजला जातो नक्कल अर्ज दिलेल्या दिवसापासून. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी नक्कल अर्ज. "पुढच्या आठवड्यात देऊ" यात अपील मुदतबाह्य होतं आणि मग विलंब माफीचा अर्ज घेऊन उभं राहावं लागतं.

काम तुकड्यांत मागा. एक नोटीस, एक जामीन अर्ज, एक उलटतपास, किंवा पूर्ण केस. पूर्ण केस पाच वर्षं चालू शकते हे सांगूनच मागा. "फक्त नोटीस" म्हणून घेतलेल्या वकिलाला गोडीगुलाबीने पुढे ओढत नेलं की तो दुसऱ्यांदा फोन उचलत नाही.

वकीलपत्र वकिलाच्या स्वतःच्या नावाने, संस्थेच्या नावाने कधीच नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ नुसार वकिली करण्याचा अधिकार वकिलाचा असतो, संस्थेचा नसतो. त्यावर दोन नावं घ्या, दुसरं त्याच कोर्टात रोज असणाऱ्याचं. शिवाजीनगरचा वकील घोडेगाव किंवा राजगुरूनगरच्या प्रत्येक तारखेला जाणार नाही. तो कितीही चांगला असला तरी तिथे पहिलं नाव स्थानिक वकिलाचंच हवं.

पाठपुरावा पक्षकाराच्या फोनवर सोडू नका. प्रत्येक केसचा १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, पुणे जिल्ह्याचा एमएचपीयूने सुरू होतो. ते सगळे ई-कोर्ट्स ॲपमध्ये घाला. समन्वयकाने रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा बोर्ड (कोर्टातल्या केसेसची यादी) काढून वकील आणि पक्षकार दोघांना कळवायचं, आणि तारीख झाली की रोजनामा (कोर्टाची त्या दिवसाची नोंद) बघून नोंदवहीत एक ओळ लिहायची: काय झालं, पुढची तारीख कशासाठी. लागोपाठ दोन तारखांना वकील गैरहजर दिसला तर तिसरीची वाट बघायची नाही, दुसऱ्या नावाला उभं करायचं. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे मूळ वकिलाने "नो इन्स्ट्रक्शन"ची पुरसिस (पक्षकाराकडून सूचना नाहीत असं कोर्टाला लेखी) देऊन अंग काढून घेणं आणि पक्षकाराला ते एकतर्फी आदेश झाल्यावर कळणं. पुरेशी आगाऊ सूचना दिल्याशिवाय केस सोडता येत नाही हा बार कौन्सिलचा नियमच आहे. तुमच्या करारात ती सूचना समन्वयकालाही द्यायची असं लिहून घ्या.

ताळेबंद

निशाणी_पाच यांनी कामाचं सांगितलं, मी पैशाचं आणि नोंदणीचं सांगतो.

पगार : बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकर असलेल्याला प्रॅक्टिस करता येत नाही. वकिलाला पगारपत्रकावर घेतलं आणि तो कोर्टात उभा राहिला, तर समोरचा वकील हाच मुद्दा काढणार आणि अडचणीत येणार वकिलाची सनद. त्यामुळे वकिलाला केसनिहाय मानधन किंवा रिटेनर (ठरावीक रक्कम, पण नोकरी नाही). पगार फक्त समन्वयक, लेखनिक, कार्यकर्ते यांना. समन्वयक सनदधारक असेल तर एक काय ते ठरवा: नोकरी, नाहीतर प्रॅक्टिस.

उलट बाजूही बघा. वकिलाच्या फीत बिगरवकिलाची वाटणी चालत नाही, म्हणून कोर्टाने मंजूर केलेल्या खर्चातला हिस्सा संस्थेने घ्यायचा नाही. पोटगीच्या थकबाकीतून टक्केवारी तर कोणीच नाही, निकालावर अवलंबून फी ठरवायलाच बंदी आहे. पक्षकाराला पहिल्याच दिवशी लेखी द्या: वकिलाला काहीही द्यायचं नाही, कोणी मागितलं तर या नंबरवर कळवा. हा कागद दिला नाही की "साहेबांना चहापाण्याचं" म्हणून मधले लोक हात धुऊन घेतात.

नोंदणी : सोसायटी केलीत तर किमान ७ सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब आणि बदल अर्ज आलेच. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. हा राहून जातो, आणि चार वर्षांनी बँकेत सही कोणाची यावर गाडी अडते. कलम ८ ची (कंपनी कायद्याखालची ना-नफा) कंपनी केली तर धर्मादायची फेरी वाचते, पण कंपनी कायद्याची वार्षिक विवरणपत्रं भरणारा माणूस कायम लागतो. पुण्यात स्थानिक देणग्यांवर चालणार असाल तर ट्रस्ट किंवा सोसायटी पुरे. संस्थेला आणि देणगीदारांना आयकर सवलत देणाऱ्या नोंदण्या (१९६१ च्या आयकर कायद्यातल्या १२-ए आणि ८०-जी) लगेच करा. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म भरावा लागतो. परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, ओळखीच्या माणसाने तिकडून प्रेमाने पाठवलेली सुद्धा.

वकील फुकट म्हणजे केस फुकट नाही. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, प्रोसेस फी, नकला, बेलिफाबरोबरच्या फेऱ्या, साक्षीदाराचं एसटीचं भाडं, हे सगळं कोणीतरी भरतं. तो कोणीतरी वकील असेल तर दुसरी केस तो घेत नाही. प्रत्येक फाइलला खर्चाची मर्यादा आणि व्हाउचर ठेवा, आणि वकिलाचा खर्च त्याच महिन्यात परत करा. स्त्री पक्षकारांसाठी पोटगी, वैवाहिक संबंधातून आलेला मालमत्तेचा वाद, हिंसाचार, घटस्फोट या बाबतीत महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. काउंटरवर हे माहीत नसलं की तिकिटं लावायला सांगतात, म्हणून अधिसूचनेची प्रत फाइलला जोडा.

टिळकरोड

खूप उपयोगी. एक शंका: यातले बरेच लोक सरकारी मोफत विधी सहाय्यालाही पात्र असतील. मग त्यांना तिकडेच पाठवायचं का? आणि नकार कसा द्यायचा?

संगमपूल

पात्र असतात, आणि ते पक्षकाराला सांगणं तुमचं कर्तव्यच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अटच नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा, किंवा १५१०० या हेल्पलाइनवर फोन.

माझी वाटणी अशी. साधे फौजदारी बचाव प्राधिकरणाच्या विधी सहाय्य बचाव वकिलांकडे जाऊ द्या. २०२२ च्या योजनेत ते पूर्णवेळ हेच करतात. तुम्ही फक्त नजर ठेवा: आरोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर जामिनाचा हक्क निर्माण होतो, तो आरोपपत्र दाखल व्हायच्या आत मागावा लागतो. येरवड्यातल्या जुन्या कच्च्या कैद्यांसाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ बघा. पहिल्यांदाच आरोपी असलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल, तर कारागृह अधीक्षकांनी स्वतः कोर्टाला अर्ज करायचा असतो. जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त खटले असलेले यात बसत नाहीत, तेवढं आधी तपासा.

तुमची ताकद लागते ती जिथे कोर्टाबाहेरचं काम जास्त आहे तिथे. ॲट्रॉसिटीत खटला सरकारी वकील चालवतात, पण कलम १५-अ मुळे पीडिताला जामिनासकट प्रत्येक टप्प्याची सूचना मिळण्याचा आणि म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, आणि संस्था वा वकिलांची मदत घेण्याचाही. आरोपीच्या जामीन अर्जाच्या दिवशी पीडिताच्या बाजूने कोणी उभंच नसतं, हीच मोठी गळती आहे. एका वकिलाकडे फक्त हेच काम द्या.

दोन नावांच्या मुद्द्यावर मात्र माझं वेगळं मत आहे. कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, कलम १३ मुळे परवानगी घ्यावी लागते, आणि समुपदेशकासमोर बाईला स्वतःच बोलायचं असतं. तिथे दुसऱ्या वकिलापेक्षा तारखेला सोबत जाणारी कार्यकर्ती जास्त कामाची. तिच्यासाठी एक सूचना: वकील-पक्षकार संवादाचं संरक्षण कायदा वकिलाला आणि त्याच्या लेखनिकाला देतो, संस्थेच्या कार्यकर्तीला ते मिळेलच असं नाही. त्यामुळे कबुलीवजा मजकूर तिच्या वहीत नको, वकिलाच्या फाइलमध्येच हवा.

वस्तीच्या केसेसमध्ये पात्र आणि अपात्र कुटुंबांचं वकीलपत्र एकाच वकिलाला देऊ नका. सुरुवातीला सगळ्यांची मागणी एकच दिसते. बिल्डरने पात्र लोकांना भाडं आणि तारीख देऊ केली की त्यांना काम लवकर सुरू व्हायला हवं असतं आणि अपात्रांना स्थगिती हवी असते. त्या दिवशी वकिलाला दोन्ही बाजू सोडाव्या लागतात.

उच्च न्यायालयासाठी मुंबईचे दोन-तीन वकील वेगळे जोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात नाही.

घोडेगावकडचा

वनहक्काबद्दल. यात वकील शेवटी लागतो, कागद आधी. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो आणि एकापेक्षा जास्त पुरावे जोडावे लागतात: जुनी दंडाची पावती, पंचनामा, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जागेवरच्या विहिरी-बांध-घराच्या खुणा. आदिवासींचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा दिसला पाहिजे. फक्त उपग्रह नकाशात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळला असेल तर ते चूक आहे, नकाशा हा पूरक पुरावा.

अडतं ते इथे: दावा फेटाळल्याचं दावेदाराला लेखी, कारणांसह कळवलेलंच नसतं. अपील ६० दिवसांत करायचं, आधी उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून त्याच्यावर विभागीय समितीही आहे. म्हणून पहिलं काम म्हणजे आदेशाची प्रत आणि ती कधी हातात पडली याची तारखेसह पोच. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) नुसार हुसकावता येत नाही, ते लिहिलेलं एक पानी पत्र वकिलाच्या सहीने तयार ठेवा. वनरक्षक आला की ते दाखवता येतं. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय घोडेगावलाच आहे, महिन्यातला एक ठरलेला दिवस समन्वयकाने तिथे बसावं.

निशाणी_पाच

कौटुंबिक न्यायालयाबद्दल संगमपूल यांचं मान्य.

नकाराचं राहिलं. नकार तीन दिवसांत आणि लेखी द्या, आणि त्यात तीन गोष्टी हव्यात: आम्ही ही केस घेत नाही, तुमच्या मुदतीची तारीख अमुक, आणि १५१०० किंवा प्राधिकरणाचा पत्ता. तोंडी "बघतो" म्हटलेल्या माणसाला वाटत राहतं की आपली केस यांच्याकडे आहे, आणि तेवढ्यात मुदत जाते. अस्सल कागद ठेवून घेऊ नका, स्कॅन करून त्याच दिवशी सही घेऊन परत. केस संपल्यावरही तसंच: निकालाची प्रमाणित नक्कल, अपिलाची शेवटची तारीख लिहिलेलं पत्र, आणि फाइल मिळाल्याची पोच.

प्रसिद्धीबद्दल: फेसबुकवर वकिलांची नावं, फोटो, "अमुक यांनी जामीन मिळवून दिला" असं टाकू नका. बार कौन्सिलच्या नियम ३६ खाली ती जाहिरात धरली जाते आणि तक्रार वकिलावर होते. हक्कांची माहिती, कार्यालयाची वेळ, फोन नंबर एवढंच टाका.