स्वतःच्या हाताने केलेली घरातली कामं: घराची किंमत खरंच वाढली का? अनुभव सांगा

पुढच्या वर्षी राहतं घर विकायचं चाललंय. दोन ब्रोकर येऊन बघून गेले आणि दोघांनीही आत आल्या आल्या आधी छताचे कोपरे बघितले, मग थेट बाथरूम. मी एवढा हौसेने लावलेला हॉल, त्याच्याकडे ढुंकूनही नाही! तर धागा त्यासाठी. कमी खर्चात, माणूस न लावता तुम्ही काय काय केलंत आणि विकताना नाहीतर भाड्याने देताना त्याचा उपयोग झाला का? फसलेले प्रयोग तर आवर्जून लिहा. सुरुवात माझ्यापासून. बेडरूमची एक भिंत मी गडद लाल केली होती, आता ती परत पांढरी करतेय तर तीन हात झाले तरी गुलाबी झाक येतेच आहे. मध्ये प्रायमर मारायला हवा होता हे तिसऱ्या हातानंतर कळलं.

*

आमचा अनुभव ओलीचा. हॉलच्या खिडकीखाली रंगाचे पोपडे यायचे, आम्ही दरवर्षी खरवडून पुट्टी भरायचो, रंग मारायचो आणि चार महिन्यांत परत पांढरा खार फुटून सगळं खाली. असं तीन वर्षं केलं, म्हणजे बघा किती हुशार. शेवटी बाबांनी एक युक्ती सांगितली. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवायचा, दोन दिवस तसाच ठेवायचा. प्लास्टिकच्या आत भिंतीकडे थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरून खोलीकडच्या बाजूला जमले तर ती खोलीतली दमट हवा. आमचे आत जमले. मग बाहेरून बघितलं तर खिडकीच्या चौकटीला करंगळीच्या नखाएवढी फट, बस्स. ती साफ करून सीलंट भरला, भिंत चांगली दोन महिने वाळू दिली (हे सगळ्यात अवघड, हात शिवशिवतात) आणि मग रंग. आता दोन वर्षं झाली, काही नाही.

*

वरच्या प्रतिसादाला मम. मी उलट बाजूने लिहितो, कारण मी नुकतंच घर घेतलंय. सगळ्या खोल्यांना जुना रंग आणि एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली की मी आधी तिथेच हात लावून बघायचो. एका घरात तर कपाट मुद्दाम पुढे ओढून ठेवलेलं, मागे काय असणार ते कळलंच. भाव करायला मला आणखी काय पाहिजे? जे घर घेतलं त्याच्या मालकीणबाईंनी गळती कुठे होती, कशी बंद केली, काम चालू असतानाचे फोटो, सगळं मोबाईलवर दाखवलं. तिथे मी जास्त ताणलं नाही, खरं सांगतो.

*

बाथरूमच्या टाइल्सच्या फटी! टाइल्स न बदलता बाथरूम नवं दिसायला याच्याइतकं स्वस्त काम नाही, पण माझी फजिती ऐका. फटी काळ्या पडलेल्या, ब्रशने घासून निघेनात. एपॉक्सी ग्राउट (फटीत भरायचा रेझिनचा मसाला) आणलं, कारण त्यात पाणी मुरत नाही. जुनं ग्राउट दोन-तीन मिमी खोल खरवडायला दोन रविवार गेले, गुडघे कामातून गेले ते वेगळंच. आणि मग मी शहाण्याने सगळं पाकीट एकदम कालवलं. रेझिन, हार्डनर, पावडर, सगळं. त्याला जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो हे पाकिटावर लिहिलेलं, वाचतो कोण? निम्मी भिंत होईपर्यंत भांड्यातला गोळा गरम व्हायला लागला आणि पाच मिनिटांत दगड. घाईघाईत जे टाइल्सवर फासलं होतं ते पुसायचं राहिलं, त्याची धुरकट साय बसली ती आजही तिरप्या उजेडात दिसते. दुसऱ्या भिंतीला मूठमूठ कालवलं, फटीला तिरपं ओढून भरलं आणि दर दोन हाताला ओल्या स्पंजने लगेच पुसत गेलो. ती भिंत बघून शेजारी विचारतात कोणाकडून केलं. पहिली मी दार उघडं ठेवून झाकतो.

*

किचन कपाटांचे हँडल बदलले. जुन्या हँडलच्या दोन भोकांमधलं अंतर ९६ मिमी होतं, मी डोळ्यांच्या अंदाजाने १२८ वाले आणले, बावीस नग. परत द्यायला लाज वाटली म्हणून नवी भोकं पाडली, जुनी लाकडाच्या पुट्टीने बुजवली, ती आता तिळांसारखी दिसतात. मोजा हो, आधी मोजा.

त्यापेक्षा फुकटचं काम म्हणजे बिजागऱ्या. वाकडी लटकणारी दारं म्हणजे कपाट गेलं असं वाटायचं. आतल्या बिजागरीचा पुढचा स्क्रू फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं, दोन दारांमधली फट सरळ रेषेत येते. स्क्रू नुसताच गोल फिरत असेल तर भोकात गोंद लावून आगकाड्या ठोका, वाळल्यावर तासून परत स्क्रू पिळा. एका दुपारी सगळं किचन सरळ झालं, सासूबाई म्हणाल्या नवीन केलंस का.

*

भिंतीवर शेल्फ लावायला ड्रिल घेतलं आणि पाण्याच्या पाइपात घातलं. पलीकडे बाथरूम आहे हे डोक्यातच नाही. कारंजं म्हणजे कारंजं! आणि घराचा मेन कॉक कुठे आहे हे घरात एकालाही माहीत नाही, शेवटी खालच्या मजल्यावरचे काका पळत आले. तेव्हापासून माझा नियम, नळाच्या आणि स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली, आडवं भोक पाडायचं नाही. आणि वायरिंगला हात लावायचा नाही, तिथे माणूस बोलवायचा, उगाच शौर्य नको. घरात भर पडली की नाही विचाराल तर प्लंबरच्या घरात पडली.

*

एक सांगायचं राहू नये म्हणून लिहिते. जुन्या घराच्या खिडक्या-दारांचा ऑइल पेंट पॉलिश पेपरने कोरडा घासू नका, जुन्या थरांत शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. पाणी मारत ओलं घासा, मास्क लावा, मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

*

मला नाही वाटत किंमत वाढते. किंमत जागेची, चौरस फुटांची, इमारतीच्या वयाची. माझं भाड्याचं घर मात्र दोन महिने रिकामं पडलं होतं, तेव्हा मी फक्त तीन गोष्टी केल्या. खिडकीच्या काचा आणि जाळ्या धुतल्या, टपकणाऱ्या नळाचा वॉशर बदलला आणि दिवे सारखे केले. एकाच खोलीत एक दिवा पिवळा आणि एक दवाखान्यासारखा पांढराफटक होता, ते काढून सगळीकडे ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे एलईडी लावले. भाडं तेवढंच आलं पण पुढच्याच आठवड्यात आलं. आता याला वाढ म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

*

धागाकर्ती बोलतेय. लाल भिंत तूर्त बाजूला ठेवली, आज सकाळी मेन कॉक शोधायला निघाले. सापडला, सिंकखाली डब्यांच्या मागे. गंजून असा बसलाय की दोघांनी मिळून पिळला तरी हलेना. कोणी सोडवलाय का असा कॉक? की जोर लावला तर तुटून हातात येईल?