प्रार्थनेत मिळणारी शांती देवाकडची की माझ्याच मनाची?

प्रश्न : एक शिक्षिका, वडगाव शेरी

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी चौदा वर्षे पुण्यातल्या एका शाळेत शिकवते. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मिशनच्या शाळेने मला मुख्याध्यापिकेची जागा देऊ केली असून ईस्टरपर्यंत त्यांना उत्तर हवे आहे. घरी सासूबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि त्यांना न्हाणीघरापर्यंत धरून न्यावे लागते. दोन महिने मी पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात बसून याविषयी प्रार्थना करत आहे. त्या वेळी ‘जावे’ असे मन शांतपणे सांगते. परंतु संध्याकाळी सासूबाईंच्या पायांना तेल चोळताना ती शांती टिकत नाही आणि देवाच्या नावाने मी स्वतःची बढतीच तर मागत नाही ना, अशी शंका येते. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडावे आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानावे, असे एका नातेवाइकांनी सुचवले. तसे केल्यावर बोट गणनेच्या पुस्तकातील शिरगणतीवर पडले आणि मी अधिकच अस्वस्थ झाले. देवाची इच्छा ओळखायची कशी?

उत्तर : निवृत्त पाळक, नाना पेठ

ताई, सलाम. बोट ठेवण्याचा मार्ग सोडून द्या. तो कौल लावण्याचा प्रकार आहे, प्रार्थना नव्हे. बारा प्रेषित निवडण्यापूर्वी प्रभू येशूने डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली, असे लूक सांगतो (६:१२), पण त्या रात्री आकाशवाणी झाल्याचे तो सांगत नाही. शलमोन राजालाही ‘काय हवे ते माग’ असे देवाने म्हटले, तेव्हा त्याने एखाद्या प्रश्नाचे उत्तर मागितले नाही, तर बरेवाईट ओळखणारे मन मागितले. तिथल्या मूळ हिब्रू शब्दांचा सरळ अर्थ ‘ऐकणारे हृदय’ असा आहे. आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचे जीवन प्रार्थनेवर उभे होते, तरीही मराठी बायबलसाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीकशी झटत राहिल्या आणि १९२२ साली निधन होण्याच्या थोडेच आधी ते भाषांतर त्यांनी पूर्ण केले. प्रार्थना करणाऱ्याला कष्ट आणि विचार यांतून सूट मिळत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

उत्तर : एक कॅथलिक वाचक, रामवाडी

आमच्याकडे येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची देवाची इच्छा पारखण्याची रीत शिकवतात आणि आठ दिवसांच्या मौन रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेसाठीच्या एकांतवासात, मला तिचा फार उपयोग झाला. १५२१ मध्ये स्पेनमधील पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर वाचायला ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे एवढीच पुस्तके मिळाली. शौर्याची आणि मानमरातबाची स्वप्ने रंगवताना त्यांना आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांप्रमाणे जगण्याचा विचार केला की तो आनंद मागाहूनही टिके. म्हणून शांती वाटली एवढ्यावर थांबू नका, ती ओसरल्यावर मागे काय उरते ते पाहा. मन शुष्क झाले असताना आधीचा निश्चय बदलू नये, असाही त्यांचा नियम आहे. आणखी एक गोष्ट करून पाहा : अगदी अनोळखी बाईने हाच प्रश्न तुमच्यापुढे ठेवला, तर तिच्या भल्यासाठी तुम्ही काय सांगाल? मी रोज रात्री वहीत दोनच ओळी लिहितो, आज कशामुळे देवाच्या जवळ गेलो आणि कशामुळे दूर. तीन आठवड्यांनी ती वही सलग वाचली, तेव्हा मला स्वतःचीच ओळख नव्याने पटली.

उत्तर : एक परिचारिका, बिबवेवाडी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एका बाबतीत सावध करते. पहाटेचे ते देवाचे आणि संध्याकाळची ती शुष्कता, असे गृहीत धरू नका; तेल चोळताना येणारी शंकाही पवित्र आत्म्याची असू शकते. शिवाय ताईंच्या प्रश्नात सासूबाई आहेत, पण त्यांचे मत कुठेच नाही. यरुशलेमच्या आद्य ख्रिस्ती मंडळीने ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले’ असे लिहिले, ते एकत्र बसून खूप वादविवाद झाल्यानंतर (प्रेषितांची कृत्ये १५). हा विषय कौटुंबिक प्रार्थनेत मोकळेपणाने मांडला आहे का?

मूळ प्रश्नकर्ती

नव्हता मांडला, आणि हे वाचून मला लाज वाटली. काल रात्री जेवणानंतर मी सासूबाईंना सगळे सांगितले. त्यांना त्या जागेविषयी आधीच ठाऊक होते. ‘तू आतल्या खोलीतला दिवा न लावता रोज उठतेस, मला काय कळत नाही का? मीही पडल्या पडल्या तेच मागते आहे,’ असे त्या म्हणाल्या. जा किंवा थांब, यांपैकी काहीच त्या बोलल्या नाहीत. आज पहाटे त्यांची खुर्ची मी स्वयंपाकघरात आणून ठेवली आणि आम्ही दोघी बसलो. झावळ्यांच्या रविवारापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारापर्यंत, वही लिहीन, मग आमच्या पाळकसाहेबांपुढे ती ठेवून शाळेला कळवीन.